टॉवेलची पट्टी

चष्मेवाल्यांना आंघोळीला जाताना टॉवेल न्यायचं कधी म्हणून आठवलं नाही. दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांचे नंबर त्यांना तोंडपाठ, पण आंघोळ झाल्यावर अंग पुसावं लागतं हा शोध त्यांना रोज नव्याने लागायचा. मग आतून हाक यायची, "टॉवेऽऽल." साधी हाक नव्हे. 'वे'वर ऐसपैस बसून, लांबवून, शेवटी अलगद सोडलेली. लग्न झाल्यापासून बायको ती हाक ऐकत होती आणि तेव्हापासूनच "हात मोडलेत का न्यायला?" असं म्हणत टॉवेल देत होती. मोडलेले हात हा तिच्या पोटापाण्याचा विषय. हॉस्पिटलातल्या प्लास्टरच्या खोलीत लोकांचे हातपाय बांधण्यात तिची हयात गेली होती. तिथे सगळे तिला प्लास्टरबाई म्हणायचे. तिला त्याचा राग येत नसे, तेव्हा आपणही तसंच म्हणू.

चष्मेवाले गायचेही. गवई वगैरे काही नाही, उगाच गैरसमज नको. घरातली माणसं जमली की एक गाणं म्हणायचे आणि तेही ठरलेलं. नदीपलीकडच्या कुणाला तरी बोलावण्याचं ते गाणं होतं. ती येते की नाही ते गाण्यात शेवटपर्यंत कळत नाही, आणि इतक्या वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं. पण शेवटच्या कडव्यात सूर एकदम वर चढायचा आणि तिथे चष्मेवाले डोळे मिटून असे काही सुटायचे की आत चहा गाळणारी माणसंसुद्धा गाळणं हातात धरून दारात यायची. प्लास्टरबाई लग्नाला तयार झाली ती त्या एका जागेमुळे. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं, कारण तो आधीच कमी शेफारलेला नव्हता.

साथीला गिटार असायची ती भावोजींची, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. दोघे साडू. साडूंचं जितकं जमायला पाहिजे तितकंच जमायचं. भावोजी गिटार अशी काही मांडीवर घ्यायचे, की हे वाद्य त्यांनीच शोधून काढलंय आणि बाकीच्यांना बघायला मिळतंय हे नशीब समजा. वाजवायचे मात्र एकाच पट्टीत. "ए," असं जाहीर करायचे आणि सुरू. चष्मेवाल्यांचा गळा त्या पट्टीत छान बसायचा, म्हणून कुणाला काही वाटायचं नाही.

मग चष्मेवाल्यांच्या गळ्यात एक गाठ निघाली. साधीच होती, काढून टाकली, जिवाचा घोर मिटला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की बोलण्याला काही होणार नाही, वरचा आवाज मात्र थोडा खाली येईल. चष्मेवाल्यांनी मान डोलावली. माणूस ऑपरेशनच्या आधी कशालाही मान डोलावतो.

त्यानंतर ताईकडे सगळे जमले. भावोजींनी "ए" म्हणून सुरुवात केली. पहिलं कडवं ओढूनताणून झालं, आणि शेवटच्या कडव्यात, त्या जागी, आवाज टराटरा फाटला. कुणीतरी पटकन टाळ्या वाजवल्या, ते तर फारच वाईट झालं. भावोजींनी गिटार बाजूला ठेवली, साडूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे रे. आवाज गेला तुझा. वय झालं की व्हायचंच." स्वतः ते चष्मेवाल्यांपेक्षा मोठे.

त्या दिवसापासून चष्मेवाले गाण्याच्या बाबतीत गुळणी धरून बसले. रेडिओवर ते गाणं लागलं की उठून बंद करायचे. दुकानातून येताना शीळ वाजवायचे, तीही बंद झाली. घर नुसतं गप्प झालं. कुकरची शिट्टी झाली तरी सोबत वाटावी, अशी वेळ आली. प्लास्टरबाईने गोडीत सांगून पाहिलं, चिडून पाहिलं. "आवाज गेला माझा," एवढंच उत्तर. रोजची टॉवेलची हाक तेवढी राहिली होती, कारण ओल्या अंगाला मानापमान परवडत नाही.

तर अशात एक दिवस प्लास्टरच्या खोलीत एक गृहस्थ आले. डावं मनगट मोडलेलं. गिटार शिकवायचा क्लास चालवायचे. भिंतीवर गिटार टांगायला म्हणून स्टुलावर चढले आणि गिटार वाचवून स्वतः पडले. प्लास्टरबाईने पट्टी भिजवली, आणि घरात निदान काहीतरी वाजेल, असं वाटून गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मास्तर, मला शिकवाल?"

"माझा हात तुम्ही बांधताय आणि मलाच विचारताय शिकवाल का?" मास्तर कळवळत म्हणाले. "दाखवू कसं?"

"तोंड आहे ना."

मास्तरांना तोंड होतंच. प्लास्टरबाईचा मुलगा परगावी नोकरीला गेला तेव्हा त्याची गिटार कपाटावर टाकून गेला होता, ती तिने खाली काढली, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी क्लासला जायला लागली. मास्तर प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसायचे आणि नुसते बोलायचे. मधलं बोट इकडे, अनामिका तिच्या खाली, करंगळी झोपली का, तिला उठवा. असं बोलण्यावरून शिकायचं म्हणजे वेड्यांचा बाजार, पण प्लास्टरबाईला बोटांचं हाड न् हाड माहीत होतं. कुठलं बोट कुठे वळेल आणि कुठे बोंब मारेल, ते तिला सांगावं लागलं नाही. बोटांची टोकं मात्र सोलून निघाली. "माणसांना कशाला हौस असते?" ती फुंकर मारत म्हणायची.

आधी कॉर्डचे, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांचे, साधे आकार झाले. सी, ए, जी, ई, डी. गिटारच्या दांडीवर आडव्या काड्या असतात, त्यांना मास्तर पडदे म्हणायचे, आणि हे आकार सगळे पहिल्या दोन-तीन पडद्यांतच बसायचे. पुढची सगळी दांडी नुसती रिकामी.

"हे पुढचं शोभेला आहे का?" प्लास्टरबाईने विचारलं. "आमचे भावोजी तिकडे कधीच जात नाहीत."

"कारण तिकडे जायला बोट आडवं टाकावं लागतं आणि ते दुखतं," मास्तर म्हणाले. "तुमचे भावोजी दारात उभे राहून घर बघितलं म्हणतात. अहो, आकार तोच असतो. ई धरायचा, मागे पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं, आणि हवं तिथे सरकायचं. एक पडदा सरकलात की सगळं गाणं तेवढं सरकलं. वर नाहीतर खाली."

प्लास्टरबाईचा हात थांबला. "गाणं खाली घेता येतं?"

"मग काय. गळा खाली आला तर गाणं खाली घ्यायचं."

ती घरी आली ती जवळजवळ पळत. इतके दिवस घरात तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होता तो 'आवाज गेला' हा सगळाच आचरटपणा होता. आवाज होता तिथे होता. भावोजींना एकाच पट्टीत वाजवता येत होतं, म्हणून तो गेला असं ठरलं होतं. तिला भावोजींचा इतका राग आला की जिना चढताना ती त्यांच्याशी मोठ्याने भांडली. शेजारीण दार उघडून बघून गेली.

आता बोट. मास्तरांनी निघताना बजावलं होतं, "पहिल्या बोटाची पट्टी करा. एकदम कडक. जरा जरी वाकलं तरी तारा मुक्या होतात."

पुढच्या सुट्टीला प्लास्टरबाई क्लासला आली आणि तिने हात पुढे केला. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला मुळापासून टोकापर्यंत सुबक प्लास्टर केलेलं. कडा घासून गुळगुळीत.

मास्तरांनी आपल्या प्लास्टरकडे पाहिलं, मग तिच्या. "बाई, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात, पट्टी करा. कडक."

मास्तर इतके हसले की मोडलेलं मनगट ठणकायला लागलं आणि ते हसता हसता विव्हळू लागले. "फूटपट्टी हो. फूटपट्टीसारखं सरळ ठेवा म्हणालो मी."

"मग फूटपट्टी म्हणायचं. हॉस्पिटलातल्या बाईला कुणी पट्टी करा म्हणालं तर ती काय समजेल?" ती तणतणत मोरीत गेली आणि बोट भिजवत बसली. एवढं सुंदर काम वाया गेलं याचं तिला खरंच वाईट वाटलं.

"दांडीला लावायचा चिमटा मिळतो बाजारात," मास्तर बाहेरून म्हणाले. "तो लावला की बोट आडवं टाकायला नको."

"आमच्या घरात रोजचा टॉवेल कुणाला आठवत नाही," ती म्हणाली. "चिमटा कोण आठवणार? बोट बरं. ते हाताला असतं."

मग बोटच तयार झालं. सगळीकडे नाही. अगदी पहिल्या पडद्यावर तारा ताठ, तिथे बोटाने साफ हात टेकले. दाबून दाबून सांधा सुजला आणि आवाज आला खडखड. मास्तर म्हणाले, "सोडा तो. तिथे वाजणारा कॉर्ड वर आठव्या पडद्यावरही राहतो. फक्त तिथे ई-च्या आकारात नाही, ए-च्या आकारात धरायचा. सूर तोच. एका माणसाची दोन घरं."

"असा एक आमच्या ओळखीत आहे," प्लास्टरबाई म्हणाली.

"तेव्हा लक्षात ठेवा, खाली उतरायला कधी कधी वर जावं लागतं. बरं, तुमचे यजमान आता कुठल्या पट्टीत गातात?"

"पट्टीचं नाव काढू नका. आणि ते गात नाहीत, हाच तर सगळा घोळ आहे."

"मग त्यांचा सूर कळणार कसा? मोकळ्या गळ्याने काही तरी म्हणत असतीलच."

प्लास्टरबाईने थोडा विचार केला. "टॉवेल म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाथरूमच्या दाराशी खुर्ची ठेवली आणि गिटार घेऊन बसली. टॉवेल मांडीवर. आत पाणी थांबलं. "टॉवेऽऽल." तिने पाचव्या पडद्यावर बोट टाकलं, भावोजींचा तो ए तिथेच वाजायचा. नाही, हाक कितीतरी खाली होती. चौथा. "अगं, टॉवेऽऽल." तेही नाही. तिसरा जवळ आला, पण कुसळ टोचल्यासारखं काहीतरी राहत होतं.

"मेलीस का गं? गारठलो मी."

"परत एकदा म्हणा. नीट ऐकू नाही आलं."

"टॉवेऽऽऽल," चष्मेवाल्यांनी सगळी छाती लावली. तिने दुसऱ्या पडद्यावर बोट दाबलं आणि हाक आणि गिटार एकमेकांत अशी मिसळली की दार थोडं थरथरलं. त्या आवाजात अजून तो होता, लग्नाच्या वेळचा, थोडा जाडा, थोडा खालचा, पण तोच. टॉवेल द्यायचं ती विसरलीच. चष्मेवाले शेवटी मळके कपडे गुंडाळून बाहेर आले आणि खुर्चीवर बसलेल्या बायकोकडे बघून म्हणाले, "या वयात हे काय खूळ घेतलंयस डोक्यात?" तिने परत तार छेडली. मग पुढे रोजच तो प्रकार झाला. हाक आली की आधी गिटार वाजायची, तिच्यावर परत हाक यायची आणि मागून टॉवेल मिळायचा. चष्मेवाल्यांनी चार दिवस आरडाओरडा केला आणि मग सोडून दिला. नवरे शेवटी सवयीचे होतात.

तिला वाटलं, आता सांगावं. जेवताना तिने सगळं सांगितलं, गिटार आणून दुसऱ्या पडद्यावर वाजवूनही दाखवलं. चष्मेवाल्यांचा घास हातात राहिला.

"म्हणजे उतरवून गाऊ? लोकांसमोर? भावोजी ऐकणार आणि म्हणणार, बघा, खाली उतरावं लागलं. त्यापेक्षा न गायलेलं बरं."

"दुकानात येणाऱ्या माणसाला काय सांगता तुम्ही?" ती कडाडली. "काका, डोळे गेले नाहीत, नंबर बदललाय. दिवसातून दहादा सांगता. मग तुमच्या गळ्याचा नंबर बदलला तर लगेच गेला?"

"डोळे वेगळे, गळा वेगळा," असं म्हणून ते हात धुवायला उठले.

प्लास्टरबाईला रडू आलं आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. इतकी बोटं सोलून घेतली, बोटाला प्लास्टर करून हसं करून घेतलं, ते कुणासाठी? तिला नवऱ्याची कीव वगैरे येत नव्हती. तिला ते गाणं हवं होतं. घरात परत आवाज हवा होता. तो नाहीच यायचा, असं त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं आणि तिला भीती वाटली.

ताईचा वाढदिवस आला. खोलीभर माणसं, जमिनीवर मुलं, कोपऱ्यात फुगे. भावोजींनी गिटार काढली, स्वतःच दोन गाणी म्हणून घेतली आणि मग साडूकडे बघून न बघितल्यासारखं केलं. ते लोकांना चांगुलपणा वाटला. प्लास्टरबाईला तो बघवला नाही. ती उठली आणि म्हणाली, "भावोजी, द्या जरा."

"तू? अगं, तार तुटेल."

"तुटली तर बांधेन. माझं कामच ते."

लोक हसले, गिटार तिच्या हातात आली. समोर चष्मेवाले भिंतीला टेकून, हातातल्या रिकाम्या कपात बघत बसले होते. तिने दुसऱ्या पडद्यावर बोट आडवं टाकलं, आकार धरला आणि तारा छेडल्या. कॉर्ड स्वच्छ वाजला. चष्मेवाल्यांनी कप हातात फिरवला. परत वाजवला. खोलीतली बोलणी थांबली. तिने बोट आणखी घट्ट दाबलं. तिसऱ्यांदा वाजवला.

आणि कपात बघत बघतच, रोजच्या सवयीने, चष्मेवाल्यांच्या तोंडून गेलं, "टॉवेऽऽल."

अगदी सुरात. खोली फुटली. मुलं तर जमिनीवर लोळायला लागली. ताईने "कुणी आणा रे टॉवेल" म्हटल्यावर आणखी हसू फुटलं. चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. आधी ते कानापर्यंत लाल झाले, मग गिटारकडे, मग बायकोच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं, आणि त्यांनाही हसू आवरेना. ते हसणं संपता संपताच त्यांनी गाण्याची पहिली ओळ धरली. ठरवून नाही. तोंड उघडलेलंच होतं.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. गळा मोकळा चालला होता. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी मात्र ते थांबले. ती जागा जवळ आली होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. भावोजी मायेने म्हणाले, "असू दे रे. इथपर्यंत छान झालं."

चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते बायकोकडे बघत होते. दुकानात भिंग बदलता बदलता माणसाकडे बघतात, तसे, मान थोडी तिरकी करून. मग दुकानातल्याच आवाजात म्हणाले, "हा नाही लागत नीट. एक नंबर कमी कर बघू."

सगळ्यांसमोर म्हणाले. प्लास्टरबाईचे डोळे भरले, आणि लगेच तोंडचं पाणी पळालं. एक कमी म्हणजे पहिला पडदा. तिथे तिचं बोट कधीच टिकलं नव्हतं. खडखड वाजलं असतं आणि सगळं मुसळ केरात. मास्तरांची ती दोन घरं तिला आठवली. मग हात उचलला आणि दांडीवरून सरळ वर निघाली, जिथे भावोजी कधी गेले नव्हते.

"अगं, तो खाली म्हणाला," भावोजी म्हणाले. "वर कुठे चाललीस?"

"थांबा हो जरा," ती म्हणाली. आठव्या पडद्यावर बोट टाकलं, पुढे ए-चा आकार धरला, आणि छेडलं. एक पडदा खालचा सूर, नेमका. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले आणि शेवटचं कडवं सुरू केलं.

ती जागा पूर्वीसारखी झाली नाही, खोटं कशाला सांगा. आवाज जाड होता, थोडा खरखरला, एकदा डगमगला. पण फाटला नाही. ते अख्खे वर गेले, तिथे थांबले, आणि स्वतःच्या पायांनी खाली आले. आतून कुणीतरी गाळणं हातात घेऊन दारात येऊन उभं राहिलं होतं. भावोजी तिच्या डाव्या हाताकडे टक लावून बघत होते. गाणं संपल्यावर तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "ते वरचं मला दाखवशील?"

"बोट दुखतं," ती म्हणाली. "चालेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले आंघोळीला गेले तेव्हा प्लास्टरबाईने स्वतः बघितलं, टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती भांडी घासायला लागली. पाणी थांबलं.

"टॉवेऽऽल."

"घेऊन गेलात की," ती ओरडली.

"माहीत आहे," आतून आवाज आला. मग थोडं थांबून, आणखी ऐसपैस, "टॉवेऽऽल."

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि गिटार घ्यायला गेली.